जुन्या रिसीव्हरची हमिंग आणि उशिरा लागणारा रिले: कंडेन्सरचे किट मागवण्याआधी

पेडण्याहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचे काका तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. १९७८ च्या सुमारास त्यांनी बोटीवरून येताना एक जपानी स्टिरिओ रिसीव्हर आणला. काका गेल्यावर तो सात-आठ वर्षे माळ्यावर पडून होता. यंदा चवथीला आरत्यांच्या जुन्या कॅसेटी लावाव्यात म्हणून खाली काढला. डायलचे दिवे लागतात, पण स्पीकर जोडणारा स्विच, म्हणजे रिले, कधी चार-पाच सेकंदांत ‘टक्’ करतो, कधी दहा मिनिटे करतच नाही. आवाज आला की दोन्ही स्पीकरांत सारखीच गूं अशी हमिंग. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती राहते, मात्र बासचा नॉब फिरवला की वाढते. जवळच्या मेकॅनिकने सांगितले, ‘पॉवर सप्लाय गेला, पन्नास-साठ कंडेन्सर आहेत, सगळे बदला, किट मागवा.’ गृहस्थांनी स्वतः मीटर लावून मोठ्या दोन कंडेन्सरांवर (वीज साठवणाऱ्या डब्यांवर) +४१ आणि −४० व्होल्ट मोजले आणि भीती वाटून तिथेच थांबले. आता विचारतात, किट मागवू का?

मागवू नका. निदान आज तरी नको. भीती वाटून थांबलात हे चांगले केलेत, पण थांबण्याआधी घेतलेल्या त्या दोन मापांनी अर्धे निदान होऊन गेले आहे.

त्या दोन मोठ्या डब्यांमधला साठा पॉवर अँप्लिफायरसाठी असतो. +४१ आणि −४०, म्हणजे दोन्ही बाजू जवळपास सारख्या. ट्रान्सफॉर्मर ठीक, एसीचे डीसी करणाऱ्या ब्रिजचे चारही डायोड बहुधा ठीक, डबे निदान चार्ज तरी धरून आहेत. ते आतून किती वाळले आहेत ते बघायला मीटर एसीवर घ्या आणि त्याच दोन टोकांवर लावा. स्वस्त मीटरचा एक वात्रटपणा इथे माहीत हवा: एसीच्या रेंजवरसुद्धा तो डीसी मोजून भलताच आकडा दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो. म्हणून मीटरच्या लाल वायरीत १ मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्ट किंवा जास्तीचा फिल्म कंडेन्सर सिरीजमध्ये घ्या. मग जे दिसेल ते खरे रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर. हिशोब सोपा आहे. १०,००० मायक्रोफॅरडच्या डब्यातून १ अँपिअर ओढला तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर साधारण १ व्होल्टची लहर उठते. सेट नुसता चालू असेल, गाणे वाजत नसेल, तर ओढ त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी. तेव्हा शंभर-दीडशे मिलिव्होल्टच्या आत काही दिसले तर डब्यांना हात लावू नका.

मेकॅनिकला मोठ्या डब्यांचा संशय आला यात त्याचे फार चुकले नाही. व्हॉल्यूम शून्यावर असताना हमिंग येते म्हटल्यावर पहिला संशय तिथेच जातो. पण तुम्ही बासच्या नॉबचे लिहिलेत ते फार मोलाचे आहे. टोनचा (बास-ट्रेबलचा) भाग व्हॉल्यूमच्या पुढे आणि पॉवर अँपच्या मागे बसतो. नॉबने हमिंग बदलते, म्हणजे ती टोनच्या भागात किंवा त्याच्या आधीच आत शिरते आहे. खात्री करायची तर सेट बंद करून मागे बघा. बऱ्याच रिसीव्हरांना ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ अशी सॉकेटे असतात आणि त्यांच्यात यू आकाराच्या धातूच्या पिना खोचलेल्या असतात. त्या काढा, सेट लावा. हमिंग गेली तर पॉवर अँप आणि त्याचे मोठे डबे निर्दोष. एक पैसा खर्च न होता होणारी ही तपासणी लोक का करत नाहीत हे मला अजून कळलेले नाही. हो, त्याआधी टेप डेकची वायरही काढून ठेवा. कधीकधी हमिंग डेकमधून अर्थिंगच्या वाटेने येत असते आणि आपण रिसीव्हर उघडून बसतो.

हमिंगचा सूर ओळखता आला तर आणखी सोपे. ब्रिजमधून गाळून उरलेली हमिंग १०० हर्ट्झची असते. ब्रिजचा एखादा डायोड ओपन असेल, किंवा अर्थिंगचा घोळ असेल, तर ५० ची. गाणाऱ्या घरातले असाल तर मीटरही लागणार नाही. पांढरी एकचा षड्ज सुमारे १३१ हर्ट्झवर येतो, त्याचा मंद्र पंचम ९८ वर. म्हणजे पांढरी एकला लावलेल्या तानपुऱ्याची पंचमाची तार छेडा. रिसीव्हरची गूं तिच्या अंगाला लागून, किंचित चढी वाजत असेल तर ती १०० ची. एक सप्तक खाली, खर्जात घुमत असेल तर ५० ची. माझ्याकडे एक भजनी बुवा सेट घेऊन आले होते. ते म्हणाले, ‘हा पंचम धरून बसलाय, पण जरा चढा.’ तेवढ्यावर मी बोर्डाचा कोपरा ठरवला आणि तो बरोबर निघाला.

तर दोन्ही बाजूंना सारखी हमिंग, टोनच्या भागात शिरणारी. डाव्या-उजव्या दोघांना जे समाईक आहे तेच दोषी असणार, आणि समाईक आहे तो रेग्युलेटरचा सप्लाय. या काळातल्या सेटांत एक छोटा वेगळा बोर्ड असतो. मुख्य सप्लायमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वाइंडिंगमधून व्होल्टेज घेऊन तो टोनला, ट्यूनरला आणि बहुतेक वेळा रिलेच्या सर्किटलाही स्थिर व्होल्टेज पुरवतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचा पत्ता हाच असण्याची शक्यता मोठी आहे.

उघडण्याआधीचे दोन शब्द. पन्नास वर्षांच्या सेटला थेट भिंतीतला करंट देऊ नका. आपल्या प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे बल्बमधून वीज पुढे देणारा बोर्ड. तो वापरा, त्यात १०० वॉटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, तारेचाच हवा. जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात अजून मिळतो. सेट लावल्यावर बल्ब क्षणभर भडकेल आणि मंद होईल. तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करा, आत शॉर्ट आहे. बल्बवर चालवताना व्होल्टेज कमी मिळते, त्यामुळे रिले लागला नाही तर तो बिघाड समजू नका. एवढी वर्षे पडून असलेल्या कंडेन्सरांचा आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो, तो अर्धा-पाऊण तास कमी व्होल्टेजवर ठेवल्याने पुन्हा धरतो. सिरीज बोर्डाचा हाही फायदा. स्पीकर मात्र काढूनच ठेवा.

हात घालण्याआधी प्लग काढा आणि मोठे डबे रिकामे करा. स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवून ठिणगी पाडायची हौस अनेकांना असते. त्यात स्क्रूड्रायव्हर तर जळतोच, डब्याच्या आतल्या जोडावरही ताण येतो. २२० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, त्याला दोन वायरी आणि वर नीट इन्सुलेशन, प्रत्येक डब्याच्या दोन टोकांवर पंधरा सेकंद धरा. मग मीटरने बघा. एक व्होल्टच्या खाली आले की काम सुरू.

फ्यूजही बघून घ्या. चांदीचा कागद गुंडाळलेला किंवा आत तार घातलेला फ्यूज मी इतके पाहिले आहेत की नवा ग्राहक आला की पहिला तोच काढतो. खरे रेटिंग फ्यूजच्या जागेजवळ किंवा मागच्या पाटीवर छापलेले असते, तेच घाला.

आता तो छोटा बोर्ड. सेटच्या मॉडेल क्रमांकावर सर्व्हिस मॅन्युअल शोधलेत तर बहुतेक जपानी सेटांचे मिळते आणि नकाशावर ठिकठिकाणी किती व्होल्ट हवेत ते छापलेले असते. समजा नाही मिळाले तरी अडत नाही. बोर्डावर हीटसिंक (उष्णता घालवणारी धातूची पट्टी) असलेला एक तीन पायांचा ट्रान्झिस्टर दिसेल. आत येणारे व्होल्टेज त्याच्या कलेक्टरवर, बाहेर जाणारे एमिटरवर, आणि मधे बेसला झेनर डायोडने धरून ठेवलेले असते. झेनर १४ चा असेल तर बाहेर सुमारे १३.४ मिळायला हवेत. बेस आणि एमिटरमध्ये ०.६ चा फरक हे निरोगीपणाचे लक्षण. माप घेताना मीटरची काळी वायर चासीला, म्हणजे सेटच्या धातूच्या सांगाड्याला, क्लिपने अडकवा, एक हात खिशात ठेवा आणि एकाच टोकाने एकेक पाय तपासा. टोक घसरून कलेक्टर आणि बेस एकत्र झाले तर चांगला ट्रान्झिस्टर तुमच्या डोळ्यांदेखत जाईल.

बेसवर बरोबर व्होल्ट आहेत आणि एमिटरवर शून्य, तर ट्रान्झिस्टर ओपन. बेसवरच कमी आहेत, तर झेनर लीक, किंवा झेनरला पोसणारा रेझिस्टर चढलेला, किंवा झेनरच्या जोडीचा कंडेन्सर लीक. एमिटरवर जवळपास कलेक्टरइतकेच मिळाले तर विचार न करता प्लग काढा: ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट आहे आणि ते वाढीव व्होल्टेज ट्यूनरच्या आयसींना जाते आहे, जे आता मिळणे कठीण. आणि डीसी सगळीकडे बरोबर, पण एसीवर लावल्यावर एमिटरला लहर दिसते, असे असेल तर झेनरच्या जोडीचा छोटा कंडेन्सर वाळलेला आहे. माझा कौल या शेवटच्याला. ४७ ते २२० मायक्रोफॅरडचा असतो, गरम ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टरच्या कुशीत बसवलेला, चाळीस वर्षे शेकून निघालेला. चहाच्या किमतीचा भाग, आणि हमिंग सगळी त्याची.

रिलेची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या गोव्याची आहे.

सेट लावल्यावर रिले चार-पाच सेकंद थांबतो ते एका छोट्या कंडेन्सरमुळे. मोठ्या किमतीच्या रेझिस्टरमधून तो हळूहळू भरतो, ठरावीक व्होल्टेजला पोचला की रिले ओढला जातो. आता या काळातल्या जपानी बोर्डांवर मोठे भाग हलू नयेत म्हणून तपकिरी-पिवळा गोंद ओतलेला असतो. नवा असताना तो निरुपद्रवी होता. वय झाले, उष्णता लागली की तो काळपट होतो, हवेतली ओल धरतो आणि वीज वाहू लागतो. शिवाय त्याखालचे पाय खाऊन टाकतो, हिरवे करतो. पुष्कळ मेकॅनिक त्याला कंडेन्सरमधून गळलेले रसायन समजतात आणि मग ‘सगळे कंडेन्सर फुटलेत’ असा निकाल देतात. रेग्युलेटरच्या जाड व्यवहारात असल्या गळतीने फारसे बिघडत नाही, पण रिलेच्या त्या बारीक धारेत थोडीशी गळतीसुद्धा पुरते: कंडेन्सर भरतच नाही, रिले ताटकळत राहतो. दहा मिनिटांनी सेट तापला, गोंदातली ओल उडाली, की ‘टक्’. भर पावसाच्या संध्याकाळी जास्त त्रास होतो का, हे आठवून बघा. होत असेल तर मी पैज लावायला तयार आहे.

पैज लावतो कारण एकदा हरलो आहे. अशाच तक्रारीचा एक सेट आला होता, दुकान तेव्हा नवे, उत्साह भरपूर. मी दोन दिवस बसून चाळीसेक कंडेन्सर बदलले. रिले तसाच. वर एक कंडेन्सर उलटा बसवला, कारण त्या बोर्डावर रंगवलेली अर्धी बाजू ऋण होती आणि मी धन धरली. फट् आवाज होऊन खोलीभर वास सुटला. शेवटी गोंद खरवडला तेव्हा दहा मिनिटांत काम झाले. बदलण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढण्याची सवय मला त्या दिवशी लागली.

मात्र गोंदावर जाण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. रिले लागत नाही याचे खरे कारण पॉवर अँपच्या बाहेर डीसी येणे हेही असू शकते, तेव्हा तो स्पीकर वाचवण्याचे आपले काम करत असतो. रिलेच्या आधीच्या बाजूला, दोन्ही चॅनेलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. तिथे एखाद्या बाजूला व्होल्टच्या व्होल्ट असतील तर बिघाड पॉवर ट्रान्झिस्टरांचा आहे, आणि रिलेला फसवून तो लावण्याचा मोह झाला तर तुमचे स्पीकर जळतील.

गोंद काढायला घाई नको. हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या, मऊ झाला की बांबूची काडी टोकदार करून उकरा. बारीक फटींत मी माडाचा हीर वापरतो. धातूच्या टोकाने बोर्डावरच्या वाटा उखडतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा. गोंद त्यात विरघळत नाही, पण उरलेसुरले निघते. ज्या भागांचे पाय हिरवे-काळे पडले आहेत ते बदलाच, मीटरवर चांगले दिसले तरी. डायोडचे आणि रेझिस्टरचे पाय गोंदाखाली अर्धे खाल्लेले असतात आणि हात लावताच तुटतात. नंतर सगळे नीट सुकवा. पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात बुरशी नको म्हणून आपण बल्ब लावून ठेवतो ना, तसेच. एका रात्रीत बोर्ड खडखडीत होतो.

बदलताना थोडे सांभाळा. १०५ अंशाचे कंडेन्सर घ्या, मूळचे बहुधा ८५ चे असतील. व्होल्टेज तेवढे किंवा जास्त. रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर गेला असेल आणि तो डी ३१३ असेल तर टीआयपी ३१सी बसतो, पायांचा क्रमही तोच. हीटसिंकला लावताना मधला अभ्रकाचा तुकडा आणि पेस्ट विसरू नका. छोट्या ट्रान्झिस्टरांत मात्र सावध. जपानी भागांत पाय एमिटर-कलेक्टर-बेस असे येतात, सी १८१५ तसाच आहे. आपल्या बाजारात सर्रास मिळणारा बीसी ५४७ कलेक्टर-बेस-एमिटर आहे. तसाच ठोकला तर नवा बिघाड तुमचा स्वतःचा. ज्वालारोधक फ्यूजिबल रेझिस्टर असतील तर त्याच जातीचे घाला, साधा कार्बनचा नको. तापलेल्या भागांखालचे सोल्डर भिंगाने बघा. पायाभोवती बारीक काळे कडे दिसले तर ड्राय सोल्डर आहे, जुने ओढून नवे भरा. सोल्डरिंगची २५-३० वॉटची इस्त्री पुरे. जुन्या तपकिरी बोर्डाला ६० वॉटची लावलीत तर तांबे उचलले जाते.

मोठ्या डब्यांचा प्रश्न राहिला. रिपल मर्यादेत, बूड फुगलेले नाही, तापत नाहीत, तर राहू द्या. बदलायची वेळ आलीच तर क्षमता मूळच्या सव्वा-दीडपट चालते. दुप्पट-तिप्पट घालून ‘बास सुधारतो’ म्हणणाऱ्यांचे ऐकू नका, चालू करतानाचा झटका स्विच आणि डायोड सोसतात. हातात घेऊन वजन बघा. मोठ्या कवचात छोटा डबा भरून विकणारे बाजारात आहेत आणि तो हलकेपणा हाताला कळतो.

शेवटी मागचा व्होल्टेज सिलेक्टर. बोटीवरच्या माणसाने आणलेल्या सेटाला तो बहुधा असतोच: ११०, १२०, २२०, २४०. तुमचा २२० वर असेल. भिंतीत २३० म्हणतात खरे, पण रात्री उशिरा, गावातले पंखे-फ्रिज थंडावले की माझ्या दुकानात मी २४८ पाहिले आहेत. २२० वर ठेवलेल्या सेटाला हे बारा टक्क्यांहून जास्त. ज्या डब्यांवर ४१ यायला हवेत तिथे ४६ येतात, आणि डब्यावर ५० लिहिलेले असते. रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर त्याच वाढीवर फुकट तापतो, शेजारचा कंडेन्सर शिजतो, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर. प्लग काढून सिलेक्टर २४० वर करा. तो फिरवताना दोन-चार वेळा मागेपुढे करा, आतले संपर्क ओलीने काळे पडलेले असतात. पाटीवर १२० व्होल्ट ६० हर्ट्झ एवढेच लिहिले असेल तर मला आधी कळवा, मग व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा विचार करावा लागेल. ६० साठी बनलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर घरघरतो आणि तापतो.

प्लग दोन पिनांचा असेल तर ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून चासीला हात लावू नका. प्लग बाहेर, सेटचा स्विच चालू स्थितीत, अशा वेळी प्लगची प्रत्येक पिन आणि चासी यांच्यात मीटरने रेझिस्टन्स बघा. काही मेगओहमच्या वर हवा. कमी असेल तर ट्रान्सफॉर्मरभोवतीची ओल आधी घालवा.

तेव्हा मला ही मापे कळवा: मोठ्या डब्यांवरचे एसी, रेग्युलेटर ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरचे डीसी, एमिटरवरचे एसी, आणि रिलेआधीचे दोन्ही बाजूंचे डीसी. सोबत बोर्डाचा जवळून फोटो. आणि सेट जागेवर ठेवाल तेव्हा मागे वितीभर जागा सोडा. वरच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल घालायची आपल्या घरांतली पद्धत मला ठाऊक आहे. काकूंची समजूत तुम्हालाच काढावी लागेल.